तापमान वाढलं की संत्रा-मोसंबीची फळं का गळतात? (अनुभव आणि चर्चा)

शेवरी
नमस्कार मंडळी. फळगळीवर बोलणं नेहमीच होतं, पण उन्हाचा आणि फळगळीचा नेमका संबंध काय हे एका जागी वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा.

मोसंबीचा बहार छान फुटला होता. फुलं भरपूर, सेटिंगही (फळधारणा) चांगलं. फळं वाटाण्याएवढी असताना थोडी गळ झाली, ती दरवेळी होतेच. पुढे फळं बोराएवढी झाली आणि पारा चढला. कोरडा गरम वारा सुटला. तो वाहत होता तेव्हा फार काही पडलं नाही, पण तो थांबून हवा जरा निवळली आणि झाडाखाली हिरव्या फळांचा सडा पडला. ठिबक रोज चालू आहे, पानं हिरवी आहेत, रोग-किडीचं काही दिसत नाही. फक्त भर दुपारी पानं मधोमध दुमडून उभी राहतात आणि सकाळी पुन्हा सरळ होतात.

उष्णतेने फळ थेट गळतं का? गळ किती झाली म्हणजे जास्त समजायची? आणि आता उरलेली फळं धरून ठेवायला काय करता येईल? ज्यांनी हे पाहिलंय त्यांनी सविस्तर लिहा, ही कळकळीची विनंती.

बांधकाठ
औषध-फवारणीकडे वळण्याआधी एक काम करा. गळलेली मूठभर फळं उचला आणि देठ बघा. फळासोबत देठ आलाय, की फळ तेवढं सुटून देठ फांदीवरच राहिलाय?

लिंबूवर्गीय फळाला सुटायच्या दोन जागा असतात. एक जिथे देठ फांदीला जोडलेला असतो तिथे. दुसरी फळाच्या डोक्यावर जी छोटी हिरवी चकती असते, ती आणि फळ यांच्या मध्ये. फुलं आणि अगदी बारीक फळं पहिल्या जागेतून सुटतात, म्हणून ती देठासकट पडतात. फळ थोडं मोठं झालं की ती जागा घट्ट होते, आणि मग झाड दुसऱ्या जागेतून फळ सोडतं. तेव्हा चकती आणि देठ फांदीवर राहतात, काही दिवस हिरवे असतात, मग वाळून पडतात. यावरून गळ कोणत्या टप्प्यातली आहे ते कळतं. झाडाच्या कोणत्या बाजूला जास्त पडलीत तेही बघून सांगा.

शेवरी
@बांधकाठ, लगेच जाऊन बघितलं. जवळपास सगळी बिनदेठाची. फांदीवर हिरव्या चकत्या तशाच आहेत, हात लावला की काही गळून येतात. पश्चिमेच्या अंगाला आणि शेंड्याकडे जास्त पडलीत. आतल्या सावलीतली बरीच टिकली आहेत. आणखी एक गोष्ट लक्षात आली. पडलेली फळं झाडावरच्या शेजारच्या फळांपेक्षा लहान आहेत आणि त्यांचा रंग किंचित पिवळट आहे.

हरितकण
शेवरीताई, ही निरीक्षणं फार मोलाची आहेत, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

आधी दुसरा प्रश्न घेतो. मोसंबी किंवा संत्र्याचं पूर्ण वाढलेलं झाड एका बहारात लाखाच्या वर फुलं काढू शकतं. त्यातली काढणीपर्यंत टिकतात ती साधारण १ ते २ टक्के, कित्येकदा त्याहूनही कमी. म्हणजे ९८ टक्के फुलं-फळं गळणं हा या झाडाचा नेहमीचा व्यवहार आहे. एवढ्या फळांना पोसण्याची ताकद कुठल्याच झाडात नसते. म्हणून खाली किती पडली यापेक्षा वर किती उरली आणि ती वाढतायत का, हे बघायला हवं.

या गळीच्या दोन लाटा असतात. पहिली फुलं आणि नुकती धरलेली फळं यांची. दुसरी फळ साधारण अर्धा ते दोन सेंटिमीटरचं असताना. उत्तर गोलार्धात ही दुसरी लाट बहुधा जूनच्या आसपास येते म्हणून तिला जगभर ‘जून ड्रॉप’ म्हणतात. दक्षिण गोलार्धात तीच नोव्हेंबर-डिसेंबरकडे जाते. तुमची गळ या दुसऱ्या लाटेतली आहे, आणि उष्णतेचा फटका सर्वांत जास्त बसतो तो याच टप्प्याला.

आता उष्णतेने काय होतं ते बघू. या झाडांच्या पानांचं अन्न, म्हणजे साखर, तयार करण्याचं काम २५ ते ३० अंश सेल्सिअसला सर्वांत चांगलं चालतं. ३५च्या पुढे ते झपाट्याने उतरतं. इथे हवेचं तापमान पाहून भागत नाही, पानाचं पाहावं लागतं. थेट उन्हातलं पान पर्णरंध्रं (हवा-पाण्याची ये-जा होणारी बारीक छिद्रं) मिटून बसलं की हवेपेक्षा ५ अंश किंवा त्याहूनही जास्त तापतं. हवा ३८ला असताना बाहेरच्या बाजूचं पान ४३-४४ला असू शकतं. तुमच्याकडे पश्चिमेच्या अंगाला जास्त गळ आहे ती त्यामुळेच.

त्याच वेळी श्वसन वाढतं. तापमान १० अंशांनी चढलं की श्वसनाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. घरात मिळकत घटावी आणि नेमका तेव्हाच खर्च दुप्पट व्हावा, तशी झाडाची अवस्था होते. साखर कमी पडली की फळांत स्पर्धा लागते. जे फळ मागे पडतं त्याची वाढ आधी थांबते, त्यात अ‍ॅब्सिसिक आम्ल आणि इथिलीन ही गळ घडवणारी संप्रेरकं वाढतात, आणि सुटण्याच्या जागेतल्या पेशींच्या भिंती विरघळवणारी विकरं कामाला लागतात. या सगळ्याला काही दिवस जातात. तुमच्याकडे वारा थांबल्यावर फळं पडली आणि पडलेली फळं लहान निघाली, त्या दोन्हीचं कारण हेच. वाढ आधीच थांबलेली होती, सडा नंतर दिसला.

ओलावा
हरितकण यांनी साखरेचा हिशेब मांडला तो पटतो, पण मी पाण्याची बाजू पुढे करणार. पारा ४०च्या पुढे जाऊनही फळ धरून ठेवणारी बाग मी पाहिली आहे, आणि ३६-३७ला सडा पडलेलीही. दोन्हींत फरक होता हवेच्या कोरडेपणाचा आणि मुळांच्या ताकदीचा.

हवा पानातून किती जोराने पाणी ओढते हे आकड्यांत बघा. ३० अंश तापमान आणि ३० टक्के आर्द्रता असेल तर ही ओढ साधारण ३ किलोपास्कल (दाबाचं एकक) असते. आर्द्रता तीच ठेवून तापमान ४० केलं तर ती ५च्या वर जाते. पारा दहा अंशांनी चढला, पण ओढ पावणेदोन पट झाली. लिंबूवर्गीय झाडांची मुळं एवढं पाणी एवढ्या वेगाने वर चढवू शकत नाहीत, मग खाली जमीन ओली असली तरी. तेव्हा झाड पर्णरंध्रं मिटतं, आणि तरीही भागलं नाही तर पानं फळांतलं पाणी परत ओढून घेतात.

हे घरी बघता येतं. एका फळाला दोरा बांधून खूण करा, पहाटे आणि भर दुपारी व्हर्नियर कॅलिपरने त्याची जाडी मोजा. गरम दिवशी दुपारी फळ पहाटेपेक्षा बारीक भरतं. रात्रीतून ते पुन्हा फुगलं आणि रोज सकाळी कालच्यापेक्षा थोडं जास्त भरलं तर झाड सावरतंय. सकाळीही कालच्याएवढंच किंवा कमी भरलं तर त्या फळाची आशा कमी.

हे काही नवं ज्ञान नाही. कॅलिफोर्नियाच्या गरम, कोरड्या खोऱ्यांतल्या वॉशिंग्टन नेव्हल संत्र्याच्या फळगळीवर कोइट आणि हॉजसन यांचा अभ्यास १९१९ साली प्रसिद्ध झाला. पाण्याची ओढाताण आणि पानांनी कोवळ्या फळांतून पाणी खेचणं, यावर त्यांनी तेव्हाच बोट ठेवलं होतं.

हरितकण
@ओलावा, कोरड्या उष्णतेत पाणी पहिला घाव घालतं हे मान्य. पण दमट उष्णतेतही गळ होते, त्याचं काय? हवेत ओलावा भरपूर, पानं ताठ, आणि तरी फळं पडतात. ढगाळ, उकाड्याचे दिवस आणि गरम रात्री सलग आल्या की प्रकाश कमी म्हणून साखर कमी बनते, आणि रात्रभर श्वसनात ती जळत राहते. तिथे पाणी वाढवून काही हाती लागत नाही, उलट मुळं गुदमरतात. म्हणून आपल्याकडची उष्णता कोरडी की दमट, हे आधी ओळखायला हवं.

ओलावा
दमट उष्णतेबद्दल तुमचं बरोबर आहे. पण शेवरीताईंचं वर्णन कोरड्या वाऱ्याचं आहे, दुपारी पानं दुमडतायत, त्यामुळे त्यांच्यासाठी माझा मुद्दा कायम.

एक धोक्याची सूचना मात्र सगळ्यांसाठी. ताण बसलेलं झाड दिसलं की घाबरून एकदम भरमसाट पाणी देऊ नका. ताणात मुळांमध्ये इथिलीन तयार करणारा कच्चा माल साठून राहतो. पाणी मिळालं की तो रसाबरोबर वर जातो, तिथे त्याचं इथिलीन होतं, आणि पानं-फळं गळतात. ‘पाणी दिलं आणि दोन दिवसांनी गळ झाली’ ही तक्रार आपण सगळ्यांनी ऐकली आहे, त्यामागे हे कारण असतं. उष्णतेची लाट येणार असं कळलं की लाटेच्या आधीच जमीन चांगली ओलवून घ्यायची आणि लाटेत पाणी थोडं थोडं, पण खंड न पाडता द्यायचं.

गच्चीवरची
मी शेतकरी नाही, कुंडीत लिंबाचं आणि छोट्या संत्र्याचं झाड आहे. दोघांनाही फळं धरली होती. उन्हाळा चढल्यावर संत्र्याची सगळी पडली, लिंबाची काही टिकली. पाणी रोज देते. हे सगळं कुंडीलाही लागू होतं का?

बांधकाठ
ताई, लागू होतं आणि जास्तच होतं. जमिनीत एक हात खाली माती गार असते. कुंडीत मुळं भिंतीला चिकटून असतात आणि भिंत उन्हात तापते. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला दुपारी पश्चिमेकडून हात लावून बघा, हात ठेववत नाही. त्या उष्णतेत मुळांची टोकं काम थांबवतात, मग पाणी भरलेलं असूनही झाड सुकल्यासारखं वागतं. कुंडीला गोणपाट गुंडाळा, शेजारी दुसऱ्या कुंड्या ठेवून सावली करा, किंवा एका मोठ्या कुंडीत ही कुंडी ठेवून मधली जागा भुसा-पाचोळ्याने भरा. पाणी सकाळी लवकर द्या. दुपारी नळीतलं पाणी तापलेलं असतं, पहिली धार बाजूला सोडून मगच झाडाला द्या.

लिंबाचं टिकलं याचं फार वाटून घेऊ नका. लिंबू वर्षात अनेकदा फुलतं, त्याची एक खेप गेली तरी दुसरी येते. संत्र्या-मोसंबीचा मुख्य बहार गेला की वर्ष जातं.

पानवेल
चर्चा छान चालली आहे, पण उपाय लांबला. आमच्याकडे फळगळ म्हटलं की सरळ संजीवकाची (झाडाची वाढ नियंत्रित करणारं रसायन) फवारणी करतात. जिब्रेलिक आम्ल, २,४-डी, एनएए ही नावं सगळ्यांना पाठ आहेत. यातलं काय मारायचं ते सांगा ना.

हरितकण
@पानवेल, संजीवकं उपयोगी आहेत, पण कधी आणि कशासाठी हे कळल्याशिवाय नाही.

जिब्रेलिनचं (जिब्रेलिक आम्ल त्यातलंच) काम फळ धरण्याच्या वेळी असतं. बियांच्या फळांत बी स्वतःच ते पुरवतं, म्हणून बियांची वाणं सहसा फळ चांगलं धरतात. बिनबियांच्या वाणांत फळाला आपल्याच अंगच्या जिब्रेलिनवर भागवावं लागतं. सात्सुमा संत्र्यात ते पुरेसं असतं, क्लेमेंटाइन या दुसऱ्या संत्र्यात कमी पडतं, म्हणून क्लेमेंटाइनमध्ये पाकळ्या गळताना जिब्रेलिक आम्ल फवारण्याची पद्धत रुळली. बोराएवढं फळ झाल्यावर आणि उष्णतेने साखर तुटल्यावर त्याच फवाऱ्याकडून तीच अपेक्षा धरता येत नाही.

२,४-डी हे मुळात तणनाशक. अगदी अल्प मात्रेत ते सुटण्याच्या जागेतली प्रक्रिया लांबवतं, आणि त्याचा खरा उपयोग पक्व होत आलेल्या फळांची काढणीपूर्व गळ रोखायला होतो. कोवळ्या नवतीवर पडलं तर पानं वेडीवाकडी होतात. वाऱ्याबरोबर शेजारच्या कापसावर, द्राक्षावर, टोमॅटोवर गेलं तर त्यांचं नुकसान होतं. भर उन्हात तर कुठलंच संजीवक फवारू नये. मात्रा इथे लिहीत नाही, कारण परवानगी, वाण आणि अवस्था यांप्रमाणे ती बदलते. आपल्या भागातल्या विद्यापीठाची शिफारस आणि डब्यावरचं लेबल, या दोन्हींत बसेल तेवढंच करा.

आणि हे नीट समजून घ्या, संजीवक फळाला ‘थांब’ म्हणू शकतं, त्याला खायला घालू शकत नाही. झाडात साखर आणि पाणी नसेल तर थांबलेलं फळही पोसत नाही.

पानवेल
समजलं. मग साखर वाढवायला युरिया सोडू का? पालवी फुटली की पानं वाढतील, पानं वाढली की अन्न वाढेल.

ओलावा
दादा, या टप्प्यात नको. नवी पालवी सुरुवातीला अन्न तयार करत नाही, उलट खेचते. कोवळी फूट आणि कोवळं फळ एकाच ताटावर बसतात आणि फूट जिंकते. नत्र बहाराआधी आणि विभागून गेलेलं चांगलं. आधीची जुनी, निरोगी पानं जपणं महत्त्वाचं. म्हणूनच बहारात पानांसकट आलेल्या फुलोऱ्यावर फळं जास्त टिकतात आणि नुसत्या फुलांच्या गुच्छांवर कमी. पुढच्या वेळी बघा, टिकलेल्या बहुतेक फळांच्या पाठीशी त्याच काडीवर दोन-चार पानं दिसतील.

माळरान
एक वेगळा प्रश्न. दिवसाचा पारा पूर्वीही चढायचा. आता जाणवतं ते हे की रात्री गार होत नाहीत आणि थंडीही नीट पडत नाही. त्याचा फळगळीशी संबंध आहे का?

हरितकण
हा या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे असं मला वाटतं, कारण भर दुपारच्या उन्हावर सगळे बोलतात आणि रात्र विसरतात.

रात्री पान कमावत नाही, फक्त खर्च करतं. रात्र गरम गेली तर दिवसाची शिल्लक सकाळपर्यंत आटते. शिवाय फळ दुपारचं गेलेलं पाणी रात्री भरून काढतं. रात्रीही हवा कोरडी आणि गरम राहिली तर ती भरपाई अपुरी राहते. ओलावा यांनी सांगितलेल्या पहाटेच्या मोजणीत हे दिसेल.

थंडीचा संबंध फुलाशी आहे. लिंबूवर्गीय झाडांना फुलं यायला एक तर गारवा लागतो किंवा पाण्याचा ताण. तापमान काही आठवडे २० अंशांच्या खाली राहिलं की कळ्या फुलाकडे वळतात. गारवा अपुरा पडला तर बहार एकदम न येता तुटक तुटक, दोन-तीन खेपांत येतो. मग एकाच झाडावर सुपारीएवढं फळ, वाटाण्याएवढं फळ आणि फूल एकत्र दिसतं. मोठं फळ अन्न ओढतं, धाकटी गळतात. त्यातच उशिराची खेप बरोबर भर उन्हाळ्यात नाजूक अवस्थेत सापडते. तुमच्या भागात गळ वाढल्यासारखी वाटत असेल तर बहार एकसंध आला होता का, हेही तपासा.

काढणीच्या वेळी पुन्हा तेच. रात्री साधारण १३ अंशांच्या खाली गेल्या की सालीतला हिरवा रंग उतरून केशरी चढतो. रात्री उबदार राहिल्या तर फळ आतून पिकतं, पण बाहेरून हिरवट राहतं. शेतकरी रंगाची वाट बघत फळ झाडावर ठेवतो आणि पिकलेलं फळ गळायला लागतं.

बांधकाठ
प्रत्येक गळ उन्हाच्या खात्यावर टाकू नका, एवढं मधेच सांगतो. फळावर डंखाचं छिद्र आणि भोवती पिवळं वर्तुळ असेल तर फळमाशी किंवा रसशोषक पतंग बघा. देठाजवळून तपकिरी-काळी कूज पसरत असेल तर ती बुरशी. फळ वाकडंतिकडं, खालून हिरवट आणि पानांवर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना न जुळणारे पिवळे डाग असतील तर हुआंगलाँगबिंग म्हणजे ग्रीनिंगचा संशय घ्या आणि तज्ज्ञाला दाखवा. फ्लोरिडात २००५ साली हा रोग सापडला, आणि काढणीआधीची गळ हे तिथल्या बागायतदारांचं मोठं दुखणं होऊन बसलं. असं झाड उष्णतेपुढे लवकर हात टेकतं, कारण त्याची मुळं आधीच खचलेली असतात. शेवरीताईंची फळं स्वच्छ आहेत, त्यामुळे त्यांना इथे अडकायची गरज नाही.

शेवरी
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस पहाटे-दुपारी फळं मोजली. दुपारी खरोखर बारीक भरतात! सकाळी भरून येतात, पण पश्चिमेकडची फळं पूर्ण भरत नाहीत. एवढी साधी गोष्ट डोळ्यांसमोर असून कधी मोजून बघितली नव्हती.

आच्छादनासाठी गवत आणि पालापाचोळा टाकायला घेतलाय. पाणी एकदाच जास्त सोडत होते, ते दोन वेळा विभागलं. आता प्रश्न शेडनेटचा. झाडांवर जाळी टाकावी का? आणि केओलिनची पांढरी फवारणी काही जण सांगतात, ती खरंच चालते का?

ओलावा
आच्छादन टाकताना खोडाला चिकटवू नका, वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर बुंध्याशी ओल राहून डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) होतो. ठिबकच्या नळ्या बुंध्यापासून लांब, फांद्यांच्या घेराखाली न्या. पाणी पिणारी बारीक मुळं तिथे असतात.

पाण्यात क्षार जास्त असतील तर झाडावरून तुषार मारू नका. पाणी उडून जातं, मीठ पानावर राहतं आणि पानं करपतात. पाणी चांगलं असेल तर झाडाखालच्या सूक्ष्म तुषारांनी आजूबाजूची हवा थोडी गार होते, कोरड्या उष्णतेत त्याचा फायदा मिळतो.

हरितकण
केओलिन म्हणजे पांढरी चिकणमाती. तिचा पातळ थर ऊन परतवतो आणि पानाचं तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं. ऐकायला कमी वाटतं, पण ४० आणि ४३ यांत पानाच्या दृष्टीने पुष्कळ अंतर आहे. भर दुपारी काम थांबवणारं पान आणखी थोडा वेळ कमावतं, आणि फळांवरचे उन्हाचे चट्टेही कमी होतात. थर पानाच्या वरच्या बाजूला, पातळ आणि एकसारखा हवा. उष्णतेच्या लाटेच्या आधी फवारा, पाऊस झाला तर धुऊन जातो. पश्चिमेकडची बाजू आणि शेंडे यांवर भर द्या, तुमची गळ तिथेच आहे.

जाळीचं असं आहे की ३० ते ५० टक्के सावली कडक उन्हात पानांना मानवते, कारण या झाडांच्या पानाला पूर्ण उन्हाचा सगळा प्रकाश वापरता येतच नाही. त्यापेक्षा दाट जाळी मात्र उलटते. प्रकाश कमी पडला की साखर कमी आणि गळ जास्त. ढगाळ दिवसांत जाळी काढता किंवा सरकवता येत नसेल तर दाट जाळीच्या भानगडीत पडू नका. पश्चिमेला वारा अडवणारी झाडांची ओळ लावलीत तर तिचा उपयोग दर उन्हाळ्यात होईल, पण ती वाढायला वर्षं लागतात, म्हणून आत्तापासूनच लावा.

बांधकाठ
आणि झाडावर उरलेली फळं पुन्हा एकदा नीट बघा. फळ दोन सेंटिमीटरच्या पुढे गेलं, सकाळी भरून येतंय आणि रंग गडद हिरवा आहे, तर गळीच्या या लाटेतून ते बहुधा निभावलं. त्यानंतर गळ खूप कमी होते. तेवढी फळं झाडामागे किती आहेत ते चार-पाच झाडांवर मोजा आणि इथे लिहा. त्यावरून पुढचं पाणी आणि खत ठरवू.

शेवरी
उद्या सकाळी मोजते. पश्चिमेकडची आणि पूर्वेकडची वेगवेगळी लिहिते, म्हणजे फरक कळेल. केओलिन आणायला सांगितलंय.